घरचा अंगठा

कडूबाईनं अंगठा आधी कोर्टाच्या भिंतीला घासला, मग केसांना पुसला, तरी शाई काही जाईना. भिंतीला तर जागाच उरली नव्हती. हात पोचेल तिथपर्यंत नुसते निळे-जांभळे फराटे. कोपरगाव तालुक्यातली जेवढी माणसं या व्हरांड्यात येऊन गेली, त्या सगळ्यांनी जाता जाता तिथं बोट घासलेलं. तिनं त्यातच आणखी एक फराटा ओढला आणि हात पदराखाली घेऊन बाकड्यावर येऊन बसली.

तेवढ्यात तिची थोरली जाऊ राहीबाई नळावरनं बाटली भरून आली.

"झालं का काम?"

"झालं, आक्का. हजर हाय म्हनून अर्ज द्यायचा हुता, त्यावर अंगठा दिला."

"बरं केलंस," राहीबाई म्हणाली, आणि बुचाचा आटा बसेना म्हणून ते फिरवत राहिली.

आता गंमत बघा. अर्ज राहीबाईचा, हजर राहीबाई, आणि अंगठा कडूबाईचा! बरं, राहीबाई काही लांब गेली नव्हती, समोर नळालाच तर होती. हाक मारली असती तर ओल्या हातानं आली असती. पण हाक मारायची हे कडूबाईच्या डोक्यातच आलं नाही. कारकुनानं विचारलं, "राहीबाई रंगनाथ गमे?" आणि तिच्या तोंडून आपोआप "व्हय" निघालं, हात आपोआप पुढं झाला. शाई बोटाला लागल्यावर मग तिच्या ध्यानात आलं. आज तरी असं करायला नको होतं.

गमेंच्या घरात अंगठा हे कडूबाईचं खातं होतं. जसं पेरूच्या बागेचं खातं राहीबाईचं. राहीबाईचा नवरा रंगनाथ फार लवकर गेला, पदरी मूलबाळ नाही, म्हणून सासऱ्यानं मरायच्या आधी पुणतांब्याच्या शिवारातली दोन एकर बाग थोरल्या सुनेच्या नावावर करून टाकली. घरात वडील तीच, त्यामुळं रेशनकार्डावर तिचं नाव, डेअरीत तिचं नाव, लाइटीच्या मीटरवर तिचं नाव. आणि ही बाई बागेतनं हलायला तयार नाही! पोपट हाकायचे असतील, फांद्यांना टेकू द्यायचा असेल, व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा असेल, तिला काही ना काही असायचंच. मग गावात, ऑफिसात, दुकानात कोण जाणार? कडूबाई.

"राहीबाई रंगनाथ?"

"व्हय."

पहिल्या वेळेला थोरल्या दिराचं नाव ऐकून हो म्हणताना जीभ अडली होती. मग सवय झाली. रेशनवाल्याला माहीत होतं ही कोण ते, डेअरीच्या सेक्रेटरीला माहीत होतं, ग्रामपंचायतीच्या शिपायाला तर लग्नापासून माहीत होतं. कुणी काही बोलायचं नाही, कारण सगळ्या गावात तीच रीत. रोजगार हमीच्या मस्टरवर सासूच्या नावापुढं सून अंगठा द्यायची, नणंदेच्या नावापुढं भावजय. बाई त्याच घरातली असली म्हणजे झालं. घरचा अंगठा.

आणि हाच घरचा अंगठा एके दिवशी गहाणखतावर पडला.

झालं असं, कडूबाईचा नवरा राम, म्हणजे रंगनाथचा धाकटा भाऊ, त्याला जीपचं वेड लागलं. स्टेशनवर उतरलेली माणसं शिर्डीला सोडायची, परत आणायची, शेतीत काय ठेवलंय. पतसंस्था कर्ज द्यायला तयार होती, फक्त तारण पाहिजे होतं. रामच्या नावावर होतं काय? एक सायकल. तर एके दिवशी सकाळी तो कडूबाईला म्हणाला, चल कोपरगावला, एक अंगठा द्यायचाय, वैनीला ठावं हाय. ती निघाली. पायातली चप्पलसुद्धा बदलली नाही तिनं. रजिस्ट्री ऑफिसात साहेबानं विचारलं, राहीबाई रंगनाथ गमे? ती म्हणाली, व्हय. गावातलीच दोन माणसं ओळख पटवायला आली होती. त्यांनी सही केली, की आम्ही या बाईला ओळखतो. ओळखतच होते की! परत येताना रामनं तिला स्टँडवर उसाचा रस पाजला, आणि ती घरी येऊन म्हशीच्या धारेला बसली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. जीप दोन हंगाम चांगली पळाली, तिसऱ्याला एका वळणावर लिंबाच्या झाडावर गेली. माणसं वाचली, जीप गेली, हप्ते थांबले. मग पतसंस्थेचा वसुली अधिकारी आला आणि बागेच्या फाटकाला लिलावाची नोटीस डकवून गेला.

राहीबाईला वाचता येत नव्हतं. कडूबाईच्या पोरीनं, दिशानं, ती वाचून दाखवली. राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं, हातातली पेरूची पाटी खाली ठेवली, आणि एवढंच म्हणाली, "कडे, उद्या जा. वकील बघ."

म्हणजे बघा, तेही कडूबाईच्याच खात्यात!

वकीलबाई प्रज्ञा, वय लहान, बाप रेल्वेत गँगमन, पोरगी पुण्याला शिकून आलेली. कडूबाई तिच्या खोलीत शिरली तेव्हा तिनं कागद वाचता वाचताच विचारलं, "राहीबाई तुम्हीच ना?" आणि कडूबाई म्हणाली, "व्हय."

"गहाणखतावरचा हा अंगठा तुमचा आहे?"

कडूबाईनं कागदाकडं बघितलं. आपल्याच अंगठ्याकडं. आणि जन्मात पहिल्यांदा तो नाकारला.

"न्हाई."

वकीलबाईचे डोळे असे चमकले की विचारू नका. "मग ही सरळ फसवणूक आहे, मावशी!" ती म्हणाली, आणि लिहायलाच बसली. दाव्यात पतसंस्था एक नंबरची प्रतिवादी, राम दोन नंबरचा. वकीलपत्रावर अंगठा लागला तोही कडूबाईचाच. पुढं रामच्या नावाचं समन्स घेऊन बेलीफ आला, तेव्हा राम घरी नव्हता. तेही अंगठा देऊन तिनंच घेतलं. संध्याकाळी चौघं एका चुलीवरची भाकरी खायला बसली, वादी, प्रतिवादी, दिशा आणि कडूबाई. राहीबाईनं रामच्या ताटात आमटी वाढली.

पुढच्या तारखेला राहीबाई पहिल्यांदा बरोबर आली. वकीलबाईनं विचारलं, "या कोण?"

"माझी जाऊ हाय," कडूबाई म्हणाली. ते काही खोटं नव्हतं. पण तिथंच सांगायचं राहून गेलं, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला ते आणखीच अवघड होत गेलं. वकीलबाई कडूबाईशी बोलायची, राहीबाई शेजारी बसून ऐकायची. राहीबाईला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. बाहेरच्या माणसाशी धाकटीच बोलणार, नेहमीसारखं.

आणि दावा? दावा सुरूच झाला नव्हता! साल उलटून गेलं, भांडण एकाच गोष्टीवर अडलेलं, की हे कोर्ट हा दावा चालवू शकतं का नाही. पतसंस्थेचा म्हातारा वकील दर तारखेला खोकत उठायचा आणि तेच म्हणायचा, बाई आमची सभासद आहे, कर्जाला तिनं बाग लिहून दिली आहे, तिनं नगरला सहकार कोर्टात जावं, इथं तिचं काही काम नाही. वकीलबाई म्हणायची, जिनं कागदच केला नाही ती सभासद कशी, तिच्या नावानं फसवणूक झाली आहे, तिचं दार हेच. कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा संप, मध्येच साहेबांची बदली. जुन्या साहेबांनी लिलावाला तात्पुरता स्टे देऊन ठेवला होता, त्याच्यावर बाग उभी. कोर्ट आपलं नाही असं ठरलं की स्टे उठणार, आणि स्टे उठला की लिलाव. एवढं कडूबाईला पक्कं समजलं होतं.

पुणतांब्याहून पॅसेंजरनं यायचं, ती कधी वेळेवर नाही. स्टेशनवरनं चालत कोर्टात, बाकड्यावर बसायचं, पुकारा व्हायचा, तारीख पडायची, परत चालत स्टेशनवर. येताना पायात कळ असायची, जाताना डोळ्यावर झापड. व्हरांड्यात नेहमी भेटणारा गोरक्ष नावाचा एक म्हातारा होता, बांधाच्या केससाठी यायचा. तो आजही शेजारी येऊन टेकला.

"काय बायांनो, ठरलं का कोर्ट?"

"न्हाई अजून," कडूबाई म्हणाली.

"म्हंजी लगीन हाय का न्हाई ते मागनं, आदी मांडव कुनाच्या दारात घालायचा त्याचंच भांडान!" तो हसला. "माझं बरं हाय. माझं कोर्ट ठरल्यालं हाय, निस्ता बांध सापडंना."

राहीबाईला हसू आलं. तिनं त्याला बाटली दिली. म्हातारा वरनं पाणी प्यायला, आणि तेवढ्यात पुकारा झाला.

आतमध्ये नवे साहेब होते, चष्म्याचे, घाई नसलेले. म्हातारा वकील उठला. आज तो खोकला नाही.

"साहेब, आमचा अर्ज आहे. बाई म्हणते गहाणखतावरचा अंगठा तिचा नाही. ठीक आहे. तिच्या वकीलपत्रावर तिचा अंगठा आहे. दोन्ही अंगठे तज्ज्ञाकडं पाठवा. नाही जुळले तर मी गप्प बसतो. पण जुळले तर बाई आमची सभासद, कर्ज आमचं, आणि या कोर्टाचा विषय संपला."

"तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी वकीलबाईला विचारलं.

वकीलबाई तर टुणकन उभी राहिली. "काहीच हरकत नाही, साहेब! आम्हीच तो अर्ज देणार होतो."

कडूबाई मागच्या बाकावर होती. तिला सगळे शब्द समजले नाहीत, पण दोन कागद आणि दोन अंगठे एवढं समजलं. त्या कागदावर तिचाच, ह्या कागदावर तिचाच, आणि आता सकाळी दिलेला तोही तिचाच. जुळणार म्हणजे जुळणारच. राहीबाईचा अंगठा तर जगातल्या कुठल्याच कागदावर नव्हता. आणि कोर्ट म्हणणार, राहीबाई खोटारडी!

"पाठवू," साहेब म्हणाले. "पण आधी वादी बाईंना मधल्या सुट्टीनंतर पिंजऱ्यात घ्या. अंगठा नाकारतात ते शपथेवर येऊ द्या. मग ऑर्डर करतो."

बाहेर आल्यावर वकीलबाईनं कडूबाईचा हातच धरला. "मावशी, घाबरायचं नाही. कागद दाखवतील, विचारतील हा अंगठा तुमचा का. तुम्ही नाही म्हणायचं, बस्स. पाच मिनिटांचं काम. मग कोर्ट आपलंच!"

"वकीलबाई, मला काय सांगायचं हुतं..."

"आल्यावर बोलू, मला पलीकडच्या कोर्टात पुकारा झालाय," आणि ती फाइली छातीशी धरून पळालीसुद्धा.

दोघी आवारातल्या झाडाखाली भाकरी सोडून बसल्या. मेथीची भाजी, ठेचा, आणि राहीबाईनं आणलेले चार पेरू. राहीबाईनं फडकं पसरलं, भाकरीचा पापुद्रा काढून आधी कडूबाईपुढं ठेवला. कडूबाईनं हात लावला नाही.

"खा की."

"आक्का, पिंजऱ्यात तुमाला जायाचंय."

"मला? वकीलबाई तर तुला सांगत हुती."

"ती मलाच राहीबाई समजती. पयल्या दिसापास्नं."

राहीबाईनं घास चावून गिळला. "आनि तू काय बोलली न्हाईस?"

"न्हाई."

"बरं. जाते मी. काय सांगायचं?"

कडूबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला. अंगठ्याच्या रेघांमध्ये शाई तशीच होती. तिनं तो फडक्याच्या कडेवर ठेवला, जसं काही तोही शिदोरीतलाच एक जिन्नस.

"आक्का, त्या गहानखतावरचा अंगठा माझा हाय."

आता खरं तर आभाळ कोसळायला पाहिजे होतं. हे वाक्य तिनं साल-दीड साल पोटात धरलं होतं. पॅसेंजरमध्ये राहीबाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची तेव्हा ते तिच्या गळ्यापर्यंत यायचं आणि परत जायचं. पण राहीबाईनं ठेच्याला भाकरीचा तुकडा लावला आणि म्हणाली,

"मंग? आनिक कुनाचा असनार?"

"तुमाला ठावं हुतं?"

"ठावं काय व्हायचंय त्यात. घरातनं अंगठा तूच देतीस. मी कवा कुटं गेले? भावजींनी कागद केला म्हंजी तुलाच नेलं असनार."

"मंग दावा कशापायी लावला?"

राहीबाईनं पेरू उचलला, नखानं देठ काढला, आणि तो बराच वेळ हातात फिरवला.

"मला इचारलं न्हाई," ती म्हणाली. "येवढंच. माझ्या सासऱ्यानं मला दिलेली बाग. घरात माझ्या हातचं खात्यात, आनि मला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मीच म्हनले असते, जा कडे, दे अंगठा."

"हे मला म्हनले, वैनीला ठावं हाय."

"तू तरी इचारायचं."

एवढंच बोलली ती. आवाजसुद्धा चढवला नाही. कडूबाईला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या, केस धरून बडवलं असतं तर बरं झालं असतं. रोज रात्री एका घरात झोपायचं, सकाळी चूल पेटायच्या आधी दोघी उठायच्या, आणि तिनं कधी विचारलं नव्हतं, आक्का, तुमाला ठावं हाय ना.

"आक्का, आता दोनी कागद तपासायला धाडत्यात. वकीलपत्रावरबी माझाच हाय. दोनी एकच निघतील. मंग कोर्ट म्हननार राहीबाईच खोटं बोलती. बाग जाईल."

"आनि खरं सांगितलं तर?"

"तर अंगठा तुमचा न्हाई, कागद खोटा. कोर्ट हेच ऱ्हाईल. बाग ऱ्हाईल, असं वाटतंय."

"आनि तुला काय करत्यात?"

पलीकडं पतसंस्थेचा म्हातारा वकील टपरीवर चहा पीत होता, बशीत ओतून, फुंकर मारून.

"दुसरीच्या नावानं साहेबापुढं उभी ऱ्हायले. आत टाकतील. ह्यांनाबी."

राहीबाईनं पेरू न खाताच परत पिशवीत टाकला. फडकं झटकलं, घडी केली, ती घडी परत उघडून नीट केली.

"दिशाची धाव्वीची परीक्षा हाय," ती म्हणाली. "तू काय बोलू नको. मी बघते."

"आक्का, बाग गेल्यावर तुमी काय करनार?"

"बसंन की मोकळी. लई दिस झाले, बसलेच न्हाई." आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली. उठताना तिचा तोल गेला, कडूबाईनं सावरलं. दोघी तशाच एकमेकींना धरून पायऱ्या चढल्या.

"राहीबाई रंगनाथ गमे हाजिर हैऽऽ!"

वकीलबाईनं कडूबाईला खूण केली, चला. कडूबाई हलली नाही. शेजारची राहीबाई उठली, पदर डोक्यावरनं घेतला, आणि पिंजऱ्याकडं चालायला लागली.

"मावशी, तुम्ही नाही, त्या..." वकीलबाई एवढं म्हणाली आणि थांबली. तिनं राहीबाईकडं बघितलं. मग कडूबाईकडं बघितलं, मग कडूबाईच्या अंगठ्याकडं. हातातल्या पेनाला ती टोपण लावत होती, ते तिला काही केल्या बसेना.

राहीबाईनं शपथ घेतली. पट्टेवाला म्हणेल तसं, तुकड्या तुकड्यानं. नाव सांगितलं. मग साहेबांनी गहाणखत तिच्यापुढं धरायला लावलं.

"बाई, हा अंगठा तुमचा आहे का?"

राहीबाईनं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. वाचता येत नसलं तरी ती असं बघत होती, जसं एखाद्या फळावर डाग आहे का बघावं.

"आमचा हाय."

म्हातारा वकील खुर्चीतनं अर्धा उठला. वकीलबाई पूर्ण उठली. साहेबांनी दोघांना हातानं बसवलं.

"आमचा म्हणजे कुणाचा?"

"घरचा."

"असं चालत नाही. तुम्ही स्वतः हा अंगठा दिला का? तुमच्या हातानं? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

वर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं वाकडं होतं, आणि प्रत्येक फेऱ्याला टक्क वाजत होतं. राहीबाईनं डावा हात पदराखाली घेतला. कोरा, कधी कुठं न लागलेला अंगठा तिनं मुठीत दाबून धरला, हे मागच्या बाकावरनं कडूबाईला दिसलं, बाकी कुणाला दिसलं नाही.

"व्हय," राहीबाई म्हणाली. "मी दिला."

साहेबांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली आणि टायपिस्टाची बोटं चालायला लागली. हे खरं आहे की. गहाणखतावरील अंगठा. कडूबाईला वाटलं, हे मशिन एकेक झाड तोडत चाललंय. आधी विहिरीकडंची ओळ, मग फाटकाकडंची. टेकू दिलेल्या फांद्या, फडकी बांधलेले घोस, राहीबाई दुपारची जिथं आडवी व्हायची ती सावली. पाऊण ओळ झाली, एक ओळ झाली, मशिननं घंटी वाजवली आणि टायपिस्टानं कागदाची गाडी परत मागं ढकलली.

कडूबाई उठली.

"बस खाली," पट्टेवाला दबक्या आवाजात म्हणाला.

ती बसली नाही. बाकाला धरून ती मधल्या वाटेत आली. सकाळपासनं पोटात अन्न नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला तिथंच आडवं होऊन झोपावंसं वाटत होतं. तरी ती चालत पुढं आली, जिथं वकिलांची टेबलं होती तिथपर्यंत.

"कडे, माघारी जा," पिंजऱ्यातनं राहीबाई म्हणाली. कोर्टात आहोत हेच ती विसरली होती. "जा म्हनते ना मी!"

साहेबांनी टायपिस्टाला हात केला. मशिन थांबलं.

"तुम्ही कोण?"

ओठ हलले तिचे. पहिल्यांदा जे यायला लागलं ते नेहमीचंच होतं, रा म्हणून जीभ टाळ्याला टेकलीसुद्धा. तिनं ते गिळलं.

"कडूबाई."

"पूर्ण नाव सांगा. नवऱ्याचं नाव?"

लग्नात घासापुरतं घेतलं होतं तिनं ते नाव, उखाण्यात, हसत. त्यानंतर कधीच नाही, घरात नाही आणि दारातही नाही. तिनं वकीलबाईकडं बघितलं, ती खाली बघत होती. राहीबाईकडं तिनं बघितलंच नाही.

"कडूबाई राम गमे," ती म्हणाली.

टायपिस्टाला ऐकू गेलं नव्हतं. त्यानं मान वर केली.

"जरा मोठ्यानं," तो म्हणाला.

तिनं परत सांगितलं.